फलकावरच्या नावांचे कागद खुले करा

प्रति,
मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई
मा. जिल्हाधिकारी, धुळे
मा. जिल्हाधिकारी, जळगाव
मा. कुलगुरू, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव
आणि खानदेशातील तरुण मंडळांचे सर्व अध्यक्ष व कार्यकर्ते



दर वर्षी 9 ऑगस्टला आपल्या खानदेशात दोन दिवस एकत्र येतात. एक 1942 चा क्रांतिदिन आणि दुसरा जागतिक आदिवासी दिन. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याची गावे रस्त्यावर उतरतात. ढोल वाजतात, बाया-बापडे नाचतात, आणि पुढे तरुण मंडळांचे फलक चालतात. त्यांवर बिरसा मुंडा, तंट्या भिल्ल, भीमा नाईक, खाज्या नाईक यांची नावे असतात. शेजारच्या नंदुरबारात त्याच दिवशी 1942 च्या गोळीबारात गेलेल्या शिरीषकुमारच्या नावाचा जयघोष होतो. ही नावे कोणी वरून लादलेली नाहीत. पोरांनी ती स्वतः निवडली, वर्गणी काढून फलक रंगवले, आणि वर्षभर त्या नावाखाली रक्तदान, क्रिकेटचे सामने, गणपती, व्याख्याने असे काही ना काही चालू ठेवले.

मी शिरपूर तालुक्यातला निवृत्त इतिहास शिक्षक आहे. मंडळांची मुले व्याख्यानाचे आमंत्रण घेऊन येतात तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. एकाने अहिराणीत विचारला तो तसाच लिहितो: "सर, आमना मंडळले ज्यानं नाव शे, तो माणूस खरा कसा व्हता?" जयंती-पुण्यतिथीला वाचायचे चार उतारे त्याला नको होते. तो माणूस कुठे जन्मला, काय करायचा, कोणाशी भांडला, कसा मेला, आणि हे सगळे कुठल्या कागदात लिहिले आहे, ते त्याला हवे होते. एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर खानदेशातल्या तरुणाला खानदेशात बसून मिळत नाही. ही स्थिती बदलणे आपल्या हातात आहे, म्हणून हे खुले पत्र.

खाज्या नाईकांचेच उदाहरण घेऊ. मुंबई-आग्रा रस्ता शिरपूर ओलांडून पळासनेरपुढे सातपुडा चढू लागतो. तिथून सेंधव्याकडे जाणाऱ्या घाटाची राखण कंपनी सरकारने भिल्ल नाईकांकडे दिली होती. गुमानसिंग नाईक आणि त्यांच्यामागे त्यांचा मुलगा खाज्या हे घाटाचे रखवालदार. खाज्यांनी सुमारे वीस वर्षे इंग्रजांची चाकरी केली. 1851 च्या सुमारास, पकडलेल्या एका आरोपीचा मारहाणीत मृत्यू झाला म्हणून त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मुदत संपण्याआधी सुटका झाली आणि सरकारने त्यांना पुन्हा घाटाच्या कामावर घेतले. मग 1857 उजाडले. उत्तरेकडचा उठाव सातपुड्यापर्यंत पोहोचला आणि खाज्या नाईकांनी सरकारची चाकरी टाकून हत्यार उचलले. भीमा नाईक त्यांच्यासोबत होते. त्या वर्षाच्या अखेरीस इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे सात लाखांचा खजिना घाटात लुटला गेला. 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीला इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. लढाईनंतर पकडलेल्यांवर तिथेच लष्करी न्यायालय भरवून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. बायकांनाही कैद झाली.

एवढे वाचूनच लक्षात येते की हा माणूस फलकावरच्या चित्रापेक्षा कितीतरी मोठा आणि गुंतागुंतीचा आहे. तो सरकारचा नोकर होता, सरकारचा कैदी होता, आणि शेवटी सरकारचा शत्रू झाला. हे तिन्ही एकाच आयुष्यात कसे घडले? वीस वर्षे ज्या घाटाची राखण केली त्याच घाटात त्याने खजिना का अडवला? नोकरी परत मिळाल्यावरही तो का उलटला? वेतन थकले होते, मान गेला होता, की रानावरचे जुने हक्क हिरावले जात होते? त्याच्यामागे हजारावर माणसे का गेली? मंडळातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला या प्रश्नांतून जे शिकायला मिळेल ते कुठल्याही घोषणेतून मिळणार नाही. नोकरी, अन्याय, निष्ठा आणि बंड यांचे प्रश्न त्याच्याही आयुष्यात आहेत.

पण त्याच्या हाती काय येते? एक पुस्तिका सांगते की खाज्या नाईक 11 एप्रिल 1858 ला धारातीर्थी पडले. दुसरी सांगते की ते त्या लढाईतून वाचले, त्यांचा मुलगा मात्र पडला, आणि 1860 मध्ये एका विश्वासघातक्याने त्यांना मारले. लढाईचे ठिकाण कुठे आंबापाणी, कुठे आमल्यापाणी असे छापलेले असते. इंग्रजी कागदांत त्यांचे नाव अनेकदा खाज्या असे सापडत नाही, कारण तिथे ते काजरसिंग या नावाने नोंदले आहेत. हे ठाऊक नसलेला मुलगा जुन्या पुस्तकाची सूची उघडतो, नाव सापडत नाही, आणि आपल्या माणसाची नोंदच नाही असे समजून पुस्तक मिटतो. हा त्या मुलाचा दोष नाही. त्याला वाट दाखवणारे कोणी नव्हते.

मूळ साधनांपैकी जे छापील आहे तेही मराठीत नाही. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेले खानदेशचे गॅझेटिअर 1880 मध्ये निघाले. मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड 1957 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 1818 ते 1885 या काळातले सरकारी कागद आहेत. दोन्ही इंग्रजीत. त्यांच्यामागचे मूळ हस्तलिखित कागद मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत, पॉलिटिकल आणि ज्युडिशियल डिपार्टमेंटच्या जाड खंडांत आहेत. काही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सेंधवा तेव्हा होळकरांच्या मुलखात होते, त्यामुळे काही कागद घाटापलीकडे मध्य प्रदेशात. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका माणसाचे आयुष्य असे ठिकठिकाणी, परक्या भाषेत आणि परक्यांच्या हस्ताक्षरात विखुरले आहे. पळासनेरच्या मुलाने ते कसे गोळा करावे?

आणि हे सगळे कागद खाज्या नाईकांना मारायला निघालेल्यांनी लिहिलेले आहेत. इंग्रज अधिकारी त्यांना दरोडेखोर म्हणतो, आपले फलक त्यांना क्रांतिवीर म्हणतात. मुलांनी दोन्ही वाचले पाहिजे. शत्रूच्या अहवालातही खूप काही कळते. कोणत्या गावाने धान्य दिले, कोणत्या पाटलाने खबर दिली, किती माणसे होती, फौज कुठून आली, कोणाला बक्षीस मिळाले, कोणाच्या जमिनी जप्त झाल्या, हे सगळे त्यात असते, कारण सरकारला त्याचा हिशेब ठेवावा लागत होता. दरोडेखोर म्हणून लिहिलेल्या ओळीखाली एक भुकेला, चिडलेला, संघटित मुलूख दिसू लागतो. हे वाचणे ही विद्या आहे. ती शिकवावी लागते.

दुसरी साधने माणसांच्या तोंडी आहेत. सातपुड्यातल्या पाड्यांवर भिल्ल आणि पावरा वडीलधाऱ्यांकडे नाईकांची गाणी आणि कथा आहेत. पिढ्या बदलताना त्या कमी होत चालल्या आहेत. आजोबांची गोष्ट नातवाला कळत नाही, कारण नातू शाळेत मराठी आणि मोबाईलवर हिंदी ऐकतो. कागदात दरोडेखोर आणि गाण्यात देव, या दोन टोकांच्या मधला माणूस शोधायचा असेल तर दोन्ही एकमेकांशेजारी ठेवावे लागतील. ते ठेवायला एक तरी जागा खानदेशात असायला हवी.

हा प्रश्न एकट्या खाज्या नाईकांपुरता नाही. शिरीषकुमारच्या नावाची मंडळे, शाळा, चौक आपल्याकडे आहेत. शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता 28 डिसेंबर 1926 ला जन्मला आणि 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारमध्ये पोलिसांच्या गोळीबारात गेला. सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे चौघे गेले. फलकावर एकाचे नाव आहे, उरलेल्या चौघांविषयी त्या फलकाखाली उभ्या राहणाऱ्या मुलांना फारसे काही सांगता येत नाही. ते कोणत्या वर्गात होते, घरी काय धंदा होता, त्या मोर्चात कसे आले, गोळीबाराचा हुकूम कोणत्या पातळीवर निघाला, नंतर चौकशी झाली का? नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते आणि जिल्ह्याचे ठाणे धुळे होते. 1998 मध्ये नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, पण 1942 चा जिल्हा म्हणजे धुळ्याचे दप्तर. म्हणून या मुलांनी विचारलेल्या प्रश्नाची वाट धुळ्यातून जाते.

खानदेशात अशी आणखी नावे आहेत. 14 एप्रिल 1944 ला शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले कार्यकर्ते आणि खानदेशातले क्रांतिकारक त्यात एकत्र होते. डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील यांची नावे त्या काळाशी जोडलेली आहेत. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. मग नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, आणि 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनी लिहून घेतली. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि धनाजी नाना चौधरींनी त्याच्या उभारणीत जीव ओतला. यांतल्या प्रत्येकाच्या नावाने आज मंडळ, वाचनालय, महाविद्यालय किंवा रस्ता आहे. त्यांच्या पोलीस नोंदी, तुरुंगाची रजिस्टरे, शाळांची जनरल रजिस्टरे, न्यायालयाचे निकाल हे सगळे सरकारच्या आणि संस्थांच्या कपाटांत असते. नाव सार्वजनिक झाले, कागद मात्र कुलुपात राहिले.

माझ्या ओळखीच्या काही मुलांनी एका कार्यालयात जुन्या नोंदी पाहायला मागितल्या. तुम्ही कोणत्या पक्षाचे, कशाला हवे, वरून पत्र आणा, असे त्यांना सांगण्यात आले. पत्र आणल्यावर जुन्या कागदांचा रुमाल कुठे आहे ते माहीत असलेला माणूस निवृत्त झाला असे कळले. मुले परत आली आणि पुढच्या कार्यक्रमासाठी जुनेच भाषण छापून घेतले. त्या कर्मचाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. कोणाला काय दाखवायचे याचा लेखी नियम त्यांच्यापुढे नव्हता, आणि नियम नसला की सगळ्यात सुरक्षित उत्तर "नाही" हेच असते. नियम करण्याचे काम मात्र आपल्या पदावरच्या माणसांचे आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले कलम 8(3) सांगते की वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टींची माहिती मोजके अपवाद वगळता मागणाऱ्याला द्यावी लागते. 1858 ला दीडशे वर्षे उलटून गेली, 1942 ला ऐंशी. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 ने जुने कागद जपण्याची जबाबदारी सरकारी कार्यालयांवर टाकली आहे. आपल्या राज्याने सातबारा आणि फेरफार लोकांच्या घरापर्यंत पोहोचवले. जमिनीचे जुने कागद स्कॅन करून संगणकावर ठेवले. जमिनीच्या वादासाठी जे करता आले ते माणसांच्या इतिहासासाठीही करता येईल. यंत्र तेच आहे, हात तेच आहेत, इच्छा तेवढी नवी लागेल.

आणि हे धुळ्याला सांगावे लागावे याचे मला फार वाईट वाटते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला याच शहरात वारले. वाड्यांच्या माळ्यांवरून आणि देवळांच्या कोनाड्यांतून कागद गोळा करत ते महाराष्ट्रभर पायी हिंडले, आणि त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड प्रसिद्ध केले. त्यांच्यामागे त्यांच्या नावाने उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखिते आहेत. पेशव्यांच्या आणि समर्थांच्या कागदांसाठी या शहराने जे केले ते घाटातल्या नाईकासाठी आणि मोर्चातल्या मुलासाठी करणे हीच त्या परंपरेची पुढची पायरी आहे.

जळगावला विद्यापीठाच्या नावानेच धडा दिला आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. असोद्यात 1880 मध्ये जन्मलेल्या या बाईने घरोटीवर आणि शेतात रचलेली कविता आज आपल्यापुढे आहे, कारण सोपानदेवांसारख्या घरच्या माणसांनी ती उतरवून घेतली. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने लोकांसमोर आली. वेळेवर वही उघडली नसती तर बहिणाबाईंचे नाव कोणाला कळलेही नसते, विद्यापीठाला देणे तर दूर. ज्यांचे शब्द कोणी टिपून घेतले नाहीत अशी माणसे आजही सातपुड्यात आहेत. त्यांच्याजवळ जाण्याची पहिली जबाबदारी हे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाची आहे.

जगात हे झालेले आहे. आयर्लंडने 1947 ते 1957 या दहा वर्षांत आपल्या स्वातंत्र्यलढ्यात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या लोकांच्या जबान्या सरकारी पातळीवर लिहून घेतल्या. 1,773 जबान्या जमल्या. 2003 मध्ये त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या, आणि आज तिथला कोणताही मुलगा आपल्या गावच्या चौकाला नाव दिलेल्या माणसाची हकिकत घरबसल्या वाचू शकतो. जबान्या परस्परांशी जुळत नाहीत, काहींत बढाई आहे, काहींत राग आहे. तरीही त्या सगळ्या लोकांपुढे ठेवल्या. आपल्याकडे 1942 मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे. जे थोडे साक्षीदार उरले आहेत त्यांच्याकडे जायला आता फार वर्षे नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहितो.

पुराभिलेख संचालनालयाने 1818 ते 1947 या काळातल्या खानदेशविषयक खंडांची एक मराठी सूची करावी. तीत माणसांची आणि गावांची नावे सगळ्या रूपांत द्यावीत, म्हणजे खाज्या शोधणाऱ्याला काजरसिंग सापडेल. 1857 ते 1860 आणि 1942 ते 1944 या दोन काळांचे खंड आधी स्कॅन करून मोफत खुले करावेत. पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे संचालनालयाच्या शाखा आहेत. खानदेशासाठीही एक शाखा द्यावी. ती होईपर्यंत वर्षातून एकदा अधिकाऱ्यांनी धुळे आणि जळगावला येऊन शिबिर घ्यावे आणि अर्ज कसा करायचा, खंड कसा मागायचा, हे मुलांना दाखवावे.

दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या अभिलेख कक्षांत काय आहे याची यादी कार्यालयाबाहेर आणि संकेतस्थळावर लावावी. पोलीस, तुरुंग, न्यायालय आणि जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळा यांच्याशी बोलून 1947 पूर्वीचे एकही रजिस्टर नष्ट होणार नाही असा लेखी आदेश काढावा. वाळवीने खाल्लेले आणि पावसात भिजलेले रुमाल आधी वाचवावेत. मंडळाच्या लेटरहेडवर आलेल्या अर्जाला किती दिवसांत उत्तर द्यायचे हे ठरवून द्यावे, आणि त्यासाठी एक कर्मचारी नावानिशी नेमावा. खाज्या नाईकांचा मुलूख आज दोन राज्यांत आहे, म्हणून बडवानी जिल्हा प्रशासनाशीही संपर्क साधावा. तिथल्या सरकारी महाविद्यालयाला भीमा नाईकांचे नाव आहे. भीमा नाईक 1876 मध्ये अंदमानात काळ्या पाण्याची शिक्षा भोगताना गेले. घाटाच्या दोन्ही बाजूंच्या मुलांनी एकत्र बसून कागद वाचावेत, इतके तरी आपण घडवून आणू शकतो.

विद्यापीठाने इतिहासाचे प्राध्यापक आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी मंडळांच्या जोडीला द्यावेत. एक महाविद्यालय आणि एक मंडळ अशी जोडी लावावी. दर उन्हाळ्यात मोडी वाचनाचा आणि जुने इंग्रजी हस्ताक्षर लावण्याचा वर्ग गावपातळीवर घ्यावा. भिल्ली, पावरी, अहिराणी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांची गाणी आणि कथा त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि त्यांची एक प्रत त्याच गावाला परत द्यावी. संशोधक येतो, ऐकतो, घेऊन जातो आणि गावाला काहीच मिळत नाही, ही तक्रार मी पाड्यांवर अनेकदा ऐकली आहे. ती विद्यापीठाने मिटवावी. सातपुड्यातल्या मुलाच्या नावावर शोधनिबंध छापला गेला तर त्याच्या घराण्यात तो पहिला असेल.

आपल्यापैकी कोणाच्या मनात एक भीती असेल. कागद खुले केले तर वाद होतील, भावना दुखावतील, मोर्चे येतील. खाज्या नाईकांना कधी काळी शिक्षा झाली होती हे वाचून कोणी चिडेल. कोणत्या घराण्याने इंग्रजांना खबर दिली हे वाचून गावात कटुता येईल. भीती खोटी नाही. पण अर्धवट माहिती हीच वादाला जास्त खतपाणी घालते. ज्याला पूर्ण कागद पाहायला मिळतो तो भांडण्याआधी वाचतो, आणि वाचणारा माणूस सहसा दगड उचलत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या खबरीचा हिशेब आजच्या पोरांकडून मागायचा नसतो, हे सांगायला आपण शिक्षक आणि वडीलधारी माणसे आहोतच. ते काम आम्ही करू.

आता मंडळांच्या मित्रांनो, थोडे तुमच्याशी.

नाव घेणे सोपे असते आणि नावाला जागणे अवघड. तुम्ही ज्यांचे नाव घेतले आहे त्यांची एक वही आजच सुरू करा. तिच्यात दोन बाजू ठेवा. एका बाजूला लोक काय सांगतात ते लिहा आणि सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख टाका. दुसऱ्या बाजूला कागद काय सांगतो ते लिहा आणि कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर, कुठल्या कार्यालयात सापडले ते टाका. दोन्ही जुळत नसतील तर खाडाखोड करू नका, दोन्ही राहू द्या. फलकावर छापायच्या आधी वही पाहा. पुण्यतिथीची तारीख दोन ठिकाणी वेगळी असेल तर व्यासपीठावरून तसे सांगा. लोक तुम्हाला हसणार नाहीत, त्यांचा तुमच्यावरचा विश्वास वाढेल.

वर्गणीतला थोडा पैसा वाचनालयासाठी आणि मुंबईच्या प्रवासासाठी बाजूला काढा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात दोन मुले मुंबईला जाऊन, राहून, कागद पाहून परत येऊ शकतात. मंडळातल्या मुलींना या कामात पुढे ठेवा. आजीजवळ बसून गाणे उतरवून घेणे त्यांना जितके जमते तितके बाहेरून आलेल्या कोणाला जमणार नाही, आणि लीलाताई पाटलांच्या खानदेशात हे वेगळे सांगायला नको. ज्या नावाची जात तुमच्या जातीशी जुळत नाही त्याचाही शोध घ्या. शिरीषकुमार गुजराती घरातला होता, शशिधर केतकर मराठी घरातला. गोळी लागली तेव्हा ते सगळे एकाच मोर्चात होते.

आणि जे सापडेल त्याची भीती बाळगू नका. खाज्या नाईकांनी आधी इंग्रजांची नोकरी केली हे कळल्याने त्यांचे बंड लहान होत नाही. नोकरी, घाटाची राखण आणि सरकारी पगार एवढे सगळे हाताशी असताना त्यांनी ते सोडले, म्हणून ते बंड मोठे. हे मला कागदांनीच शिकवले. तुम्हालाही ते कागद शिकवतील. फक्त ते तुमच्यापर्यंत पोहोचले पाहिजेत.

सन्माननीय अधिकारी आणि कुलगुरू महोदय, या मुलांना अनुदान नको, पुतळा नको, सुट्टीही नको. त्यांना आपल्या माणसाचे कागद हवे आहेत. येत्या 9 ऑगस्टच्या आत आपण निदान एवढे जाहीर करावे: खानदेशाच्या कागदांची सूची कधी निघेल, अभिलेख कक्ष मंडळांना कोणत्या दिवशी खुला असेल, आणि विद्यापीठाचा पहिला वर्ग कोणत्या गावात भरेल. ज्यांच्या नावाने आपण हार घालतो त्यांचे आयुष्य वाचण्याचा हक्क त्या नावाखाली वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला आहे. तो त्याला द्या.

आपला विश्वासू,
शिरपूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक